कुंडी देखणी, पण नांद्रुक पिवळं पडलं

नांद्रुकाचं (वडाच्या कुळातलं झाड) बोन्साय नऊ इंच उंच, बुंधा सव्वा इंच जाड. कुंडी मात्र साडेतीन इंच खोल, निळी चकचकीत. जुलैच्या सरींत पानं पिवळी पडून गळू लागली.

कुंडी उलटी केली तेव्हा दोष दिसला. पेन्सिलीएवढं एकच भोक, आणि खाली पाय नाहीत. बूड गॅलरीच्या लादीला चिकटून भोक बंद! शिवाय मुळं न पोचलेली जादा माती ओलीच राहत होती.

माप साधं आहे: कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश, खोली बुंध्याच्या जाडीएवढी. म्हणजे सहा इंच बाय सव्वा इंच. मी दीड इंच खोल घेतली, कारण मे महिन्यात मुंबईच्या गॅलरीत सव्वा इंचाची माती दुपारपर्यंत कोरडी होते. पाय असलेली, दोन भोकांची, बिनचकाकीची तपकिरी. नांद्रुकाच्या राखाडी सालीला तीच शोभते. निळी बोगनवेलीला छान दिसेल, पण आधी भोकं वाढवायलाच हवीत.

काळी, मऊ मुळं पूर्ण छाटली, निरोगी फार तर एक तृतीयांश. चीक ओल्या फडक्याने टिपला. भोकांवर जाळी, त्यातून ॲल्युमिनियमची तार ओवून झाड घट्ट बांधलं. हललं तर नवी मुळं तुटतात. कुंडीत भरायचं मिश्रण: तीन भाग विटेचा चुरा (तीन-चार मिलिमीटर, धूळ चाळून काढलेला) आणि एक भाग गांडूळखत. काडीने ढोसून पोकळ्या भरल्या. दोन आठवडे सावलीत, पावसाआड; वेगळं खत नाही.