जुन्या जीपचे ब्रेक बिघडले तर दोष कसा शोधावा

जुनी महिंद्रा सीजे-३बी किंवा तिच्या भावंडांपैकी एखादी जीप घ्यायला गेलात, की विकणारा हमखास म्हणतो, "दोन पंप मारले की ब्रेक लागतो, काळजी नको." जणू तो गाडीचा स्वभावच आहे. स्वभाव कसला, तो बिघाड आहे. आणि कित्येकदा तो एकही नवा भाग न घेता दुरुस्त होतो. फक्त आधी दोष ओळखायला हवा. आपल्याकडे ब्रेकची तक्रार आली की पहिल्यांदा ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला बसतात, आणि निम्मं ब्रेक ऑइल वाया घालवून तिथेच परत येतात.

या गाड्यांची रचना साधी आहे. चारी चाकांना ड्रम, पेडल हलकं करणारा बूस्टर नाही, पेडलचा जोर ऑइलमार्फत चाकांकडे पाठवणारा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली चासीला बसवलेला. प्रत्येक चाकातला छोटा व्हील सिलिंडर त्या दाबाने शू, म्हणजे लायनरचं अस्तर लावलेले दोन कमानदार तुकडे, ड्रमला आतून दाबतो. बहुतेक जुन्या गाड्यांत सर्किटही एकच, म्हणजे एक नळी फुटली की चारी चाकांचे ब्रेक गेले. हँडब्रेक मात्र चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) मागे प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा, धरतो. याचा एक धोका अनुभवी माणसंही विसरतात. मागचं एक चाक जॅकवर उचललं की दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरू शकतं, आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. म्हणून सपाट जागा बघा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, आणि जॅकच्या भरवशावर न राहता ॲक्सलखाली घोडी (लोखंडी स्टँड) द्या.

आता इंजिन बंद ठेवून पेडल दाबा.

पेडल खूप खाली जातं, पण लगेच पुन्हा दाबलं की वर येऊन कडक लागतं? तर शू ड्रमपासून लांब गेलेत, ॲडजस्टमेंट हवी. दाबताना स्पंजासारखं लागतं? नळीत हवा आहे. पाय दाबून ठेवला तर अर्ध्या मिनिटात पेडल हळूहळू फ्लोअरकडे जातं? आधी चारी चाकांच्या आतल्या बाजूला आणि नळ्यांवर ओल शोधा. कुठेच गळत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधला रबरी कप आतल्या आत दाब सोडतोय. पेडल दगडासारखं कडक, पण गाडी थांबत नाही, असं असेल तर लायनर तेलकट झालेत किंवा काचेसारखे गुळगुळीत.

ॲडजस्टमेंटपासूनच सुरुवात करा, तीच सगळ्यात जास्त वेळा लागते. चाक उचलून हाताने फिरवा. बॅक प्लेटच्या (ड्रमच्या आतल्या बाजूची चकती) मागे वरच्या बाजूला दोन एक्सेंट्रिक बोल्ट, म्हणजे फिरवले की शू आत-बाहेर सरकवणारे बोल्ट, असतात, एकेका शूसाठी एकेक. लॉकनट सैल करा, शू ड्रमला घासून चाक अडेपर्यंत बोल्ट फिरवा, मग चाक जेमतेम मोकळं होईल इतकाच मागे घ्या. बोल्ट पान्याने धरून ठेवूनच लॉकनट आवळा, नाहीतर केलेलं काम तिथेच फिरतं. दुसऱ्या शूला तेच, मग उरलेल्या तीन चाकांना. खालच्या अँकर बोल्टना हात लावू नका. ते नवे लायनर बसवताना बघायचे असतात.

एवढं करूनही स्पंज राहिला, तरच हवा काढा. फ्लोअरचं छोटं झाकण उघडा, आणि मास्टर सिलिंडरवरच्या ऑइलच्या टाकीचं बूच काढण्याआधी त्यावरची माती ब्रशने झाडा. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करा. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत आधी डावं मागचं, मग उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं. बॅक प्लेटच्या मागे हवा काढायचं निपल असतं, त्याला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. जोडीदाराने पेडल हळू दाबून धरायचं, तुम्ही निपल उघडून बंद करायचं, आणि तुम्ही "सोड" म्हणाल तेव्हाच त्याने पाय उचलायचा. टाकी लहान असते, पाच-सहा वेळा दाबलं की ऑइल बघा. निपल गंजलं असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तुटलं तर व्हील सिलिंडर उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातलंच. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलं की ती मर्यादा १४० पर्यंत उतरते, आणि घाटात ब्रेक तापून ते उकळायला तेवढं पुरतं. माझ्या जीपमध्ये एकाने "तेल ते तेलच" म्हणत स्टिअरिंगचं ऑइल ओतलं होतं. सगळे रबर फुगले, चाकं जाम झाली, आणि नळ्या धुऊन प्रत्येक कप बदलावा लागला.

चाक जाम होण्याचं कारण शोधायची एक सोपी युक्ती आहे. जाम चाकाचं निपल सैल करा. चाक सुटलं नाही तर दोष ड्रमच्या आत: शू अडकलाय, स्प्रिंग तुटलीय किंवा पिस्टन गंजलाय. सुटलं, तर दाब आत कोंडला होता. एकच चाक जाम असेल तर त्याचा रबरी होज आतून सुजून बुजलेला असतो, बाहेरून तो अगदी नवा दिसतो. चारी चाकं जाम होत असतील तर पेडलचा मोकळा खेळ बघा. साधारण अर्धा इंच हवा. तो नसेल तर ऑइल टाकीत परतच जात नाही.

गाडी एका बाजूला ओढते तेव्हा दोष बहुतेकदा विरुद्ध बाजूच्या चाकात असतो, ते धरत नाही म्हणून दुसरं ओढतं. ड्रम उघडा. लायनर ब्रेक ऑइलने भिजला असेल तर व्हील सिलिंडर, गिअर ऑइलने किंवा ग्रीसने भिजला असेल तर ॲक्सलचं किंवा हबचं सील. भिजलेला लायनर जाळून किंवा पेट्रोलने धुऊन वापरतात, ते करू नका. दोन्ही बाजूंचे नवे टाका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून आतली धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

पावसाळ्यात ओढा ओलांडून आल्यावर ब्रेक लागला नाही तर घाबरू नका, ड्रममध्ये पाणी आहे. हळू चालवत पेडल हलकं दाबून ठेवा, घासून सुकतं.

सगळं झाल्यावर मोकळ्या मैदानात वीसच्या वेगाने चार-पाच वेळा थांबवून बघा, मग प्रत्येक ड्रमजवळ हात नेऊन कुठला जास्त तापलाय ते पाहा. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी तो कोरडा असेल, तरच घाटाचा बेत करा.