उंदरांच्या रक्तावर उंचीचा परिणाम तपासताना या चुका टाळा

तापीकाठच्या शेतांतील उंदीर आणि तोरणमाळच्या पठारावरील उंदीर यांच्या रक्ताची व परजीवींची तुलना, हा खानदेशात प्राणिशास्त्र शिकणाऱ्यांना हमखास सुचणारा विषय आहे. खोरे सुमारे 200 मीटरवर आणि पठार सुमारे 1150 मीटरवर असल्यामुळे काम सोपे वाटते, आणि तेथेच पहिली चूक होते. हवा विरळ झाली की मूत्रपिंडांतून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अधिक स्रवते व अस्थिमज्जा अधिक तांबड्या पेशी तयार करते, हे सर्वांना पाठ असते. मात्र या दोन ठिकाणांच्या हवेच्या दाबात जेमतेम दहा-अकरा टक्क्यांचा फरक आहे, याचा हिशेब कोणी करत नाही. इतक्या फरकाने रक्तात झालाच तर थोडासाच बदल होणार आणि हलगर्जीपणापुढे तो टिकणार नाही. शिवाय उंचीवर रक्त दाट होतेच, असेही नाही. उत्तर अमेरिकेत 4000 मीटरच्या वर राहणाऱ्या डिअर माऊस या उंदरांच्या हिमोग्लोबिनची प्राणवायू धरून ठेवण्याची ताकदच अधिक असते.

सर्वांत महाग पडणारी चूक सापळ्यात होते. एका गटाने एप्रिलमध्ये एकाच जातीचे उंदीर दोन्हीकडे पकडले. तोरणमाळला मुक्काम सापळ्यांजवळच असल्याने ते पहाटेच तपासले जात; खाली मात्र मंडळी चहा-नाश्ता उरकून, ऊन चढल्यावर कपाशीच्या रिकाम्या शेतांच्या बांधावर पोहोचत. पत्र्याची पेटी तोवर चांगलीच तापलेली असे. निकाल उलटा आला, म्हणजे खालच्या उंदरांचे हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण) वरच्यांपेक्षा जास्त निघाले, आणि ते उष्णतेशी जुळवून घेण्याचे लक्षण कसे आहे यावर मजकूर लिहूनही झाला. मी त्यांना रक्त भरून यंत्रात गरगर फिरवलेल्या बारीक केशनळ्या पांढऱ्या पेशींच्या थराच्या वर मोडून प्लाझ्माचा (रक्तातील पातळ द्रवाचा) थेंब रिफ्रॅक्टोमीटर या प्रथिने मोजणाऱ्या उपकरणावर ठेवायला सांगितले. ज्या उंदरांचे हिमॅटोक्रिट जास्त, त्यांचीच प्लाझ्मातील प्रथिनेही जास्त भरली. तांबड्या पेशी खरोखर वाढल्या असत्या तर त्यांच्याबरोबर प्रथिने वाढण्याचे कारण नव्हते. दोन्ही एकदम वाढतात तेव्हा बहुधा रक्तातले पाणी कमी झालेले असते. तो मजकूर उंची किंवा उष्णतेबद्दल नव्हता, तहानेबद्दल होता. तेव्हापासून माझ्या देखरेखीखालच्या प्रत्येक सापळ्यात आमिषाबरोबर काकडीचा तुकडा जातो, हिवाळ्यात ऊब राहावी म्हणून मूठभर कापूस जातो, आणि उजाडण्याआधी उठण्याची तयारी नसलेल्याला मी सोबत नेत नाही. प्रथिनांचे मोजमाप वेळखाऊ आहे म्हणून टाळणाऱ्यांना एवढेच सांगतो, की त्याला मिनिटभरही लागत नाही.

पुढची चूक नळीची आहे. उंदराच्या अंगात वजनाच्या सात-आठ टक्केच रक्त असते आणि एका वेळी त्याच्या दहाव्या भागापेक्षा अधिक काढू नये. पन्नास ग्रॅमच्या उंदराकडून 0.4 मिलिलिटरपेक्षा कमीच रक्त मिळते. ते माणसांसाठीच्या दोन मिलिलिटरच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) नळीत घातले, तर रक्ताच्या मानाने ईडीटीए फार होऊन पेशी आक्रसतात आणि हिमॅटोक्रिट खोटे कमी येते. उलट तीच नळी बर्फाशिवाय घाट उतरून शहाद्यामार्गे दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पोहोचली, की पेशी फुगतात व आकडा खोटा वाढतो. हा प्रवास वरच्याच नमुन्यांच्या वाट्याला येत असल्याने त्याचा परिणाम हुबेहूब उंचीच्या परिणामासारखा दिसतो. लहान मुलांसाठीच्या छोट्या नळ्या वापराव्यात आणि केशनळ्या जागेवरच फिरवाव्यात.

रक्तलेपांत परजीवी ‘सापडण्याचे’ प्रमाण नवख्यांकडे नेहमीच भरघोस असते. गिम्सा रंग न गाळता वापरला, तो बफरऐवजी नळाच्या पाण्यात कालवला किंवा लेप मिथेनॉलमध्ये स्थिर करण्याची घाई केली, की जांभळ्या ठिपक्यांचा सडा पडतो आणि प्रत्येक ठिपक्याला बाबेसिया या तांबड्या पेशींत राहणाऱ्या परजीवीचे नाव मिळते. सूक्ष्मदर्शकाचा बारीक स्क्रू हलवून पाहावा: रंगाचा कण पेशीच्या वरच्या पातळीवर स्पष्ट होतो, तर पेशीतला परजीवी पेशीबरोबरच स्पष्ट होतो. पेशीवर बसलेली प्लेटलेटही अशीच फसवते. मी लेप करण्याआधी ताज्या रक्ताचा थेंब काचेखाली पाहतो, कारण पिसवांमार्फत पसरणारा ट्रिपॅनोसोमा लेविसाय हा एकपेशीय परजीवी त्यात वळवळताना लगेच कळतो. मात्र या संसर्गातून उंदीर काही आठवड्यांत बरा होतो, त्यामुळे प्रौढ उंदरात तो दिसला नाही म्हणजे कधी झालाच नव्हता, असे लिहू नये.

पिसवा मोजायच्या असतील तर प्रत्येक उंदरासाठी स्वतंत्र पांढरी पिशवी हवी. मेलेले अंग थंड पडू लागले की पिसवा निघून जातात. गाभण माद्या व पिल्ले यांचे आकडे इतरांत मिसळू नयेत. हातमोजे टाळू नयेत, लेप्टोस्पायरा हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू उंदराच्या लघवीतूनच येतो. वनविभागाची परवानगी आणि संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मान्यता पहिला सापळा लावण्याआधी हातात असावी.

राहिला प्रश्न दोनच ठिकाणांचा. तोरणमाळला उंचीबरोबर जंगल, तलाव, गारवा आणि दमट हवाही आहे, आणि पिसवांच्या अळ्यांना दमटपणा लागतोच. पिसवा व आतड्यांतील रक्तपिपासू कृमी रक्तक्षय घडवतात, म्हणून एकाच उंदराचे रक्त आणि परजीवी दोन्ही तपासल्याशिवाय कोणामुळे काय झाले हे सांगता येत नाही. घाटात मधल्या उंचीवर निदान तीन-चार ठिकाणी, एकाच ऋतूत, सापळे लावावेत; ते जमत नसेल तर शीर्षकात ‘उंचीचा परिणाम’ न लिहिता ‘दोन ठिकाणांची तुलना’ असे लिहावे.