चूक मापाची, बोल बाळाला: वाढ बघताना या चुका टाळा

"सिस्टर, परत बघ गो एकदा," आजी म्हणाली. कार्डावर गेल्या महिन्याचं वजन ७.२ किलो, आणि आज काटा ७ वरच थांबलेला. पोर मात्र आईच्या मांडीवर खिदळत होतं. मागची नोंद बघितली तर अक्षर माझंच. मग आठवलं. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला ऑगस्टचा पाऊस, लसीकरणाची गर्दी, आणि बाळाला मी स्वेटर-टोपीसकट काट्यावर ठेवलं होतं. आजीच्या पिशवीत तोच स्वेटर होता. तो, टोपी, पायातले चांदीचे वाळे आणि नुकताच काढलेला भिजका डायपर, सगळं एकत्र काट्यावर ठेवलं. ५१० ग्रॅम! म्हणजे बाळ घटलं नव्हतंच, उलट महिन्याभरात तीनशे ग्रॅमनं वाढलं होतं. मधल्या मध्ये त्या आईच्या दुधाला नावं ठेवून झाली होती.

तेव्हापासून माझा नियम एकच: आधी माप तपासा, मग बाळ.

वजन

बाळ उघडं करा, काटा शून्यावर आणा, आणि शक्यतो दर वेळी त्याच काट्यावर वजन करा. बाळाला कडेवर घेऊन बाथरूमच्या काट्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं, हे दोन वर्षांच्या मुलाला एक वेळ चालेल. दोन महिन्यांच्या बाळाची वाढ दिवसाला २५-३० ग्रॅमची, ती त्या काट्याला कुठली कळणार?

रोज वजन करणं हीसुद्धा चूकच. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. त्या उतरत्या आकड्याला घाबरून घरात वरच्या दुधाचा डबा येतो आणि आईचं दूध खरोखरच कमी व्हायला लागतं. जन्माचं वजन पाच महिन्यांच्या आसपास दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट. सहा महिन्यांनंतर वेग मंदावतो. तो मंदावणारच, नाहीतर आपण सगळेच हत्ती झालो असतो.

वाढीच्या तक्त्यावरच्या एका ठिपक्यावरून काही ठरत नाही, रेघ बघायची असते. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते सहा देशांतल्या, स्तनपानावर वाढलेल्या मुलांवरून बनले, त्यांत दिल्लीचीही मुलं होती. तेव्हा "ते गोऱ्यांचं माप" हा बहाणा चालत नाही. मुलगे-मुली यांचे तक्ते वेगळे असतात, तेवढं बघून घ्या. खालच्या रेघेवर असलेलं पण तिच्याच बाजूनं वर चढणारं मूल बहुतेक वेळा ठीक असतं. वरची रेघ सोडून खाली घसरत जाणारं, किंवा दोन-तीन महिने आडवंच चाललेलं मूल मात्र डॉक्टरांना दाखवा, दिसायला कितीही गुबगुबीत असो.

उंची आणि वय

दोन वर्षांपर्यंत झोपवून लांबी मोजतात, त्यानंतर उभं करून उंची. उभं केलं की माप साधारण ०.७ सेंटिमीटर कमी भरतं. "उंची घटली" म्हणून आलेली निम्मी मंडळी इथंच परत जातात. झोपवून मोजताना दोन माणसं हवीत, एक डोकं धरायला आणि एक गुडघे सरळ करायला.

आठव्या महिन्यात झालेल्या बाळाचं वय मोजताना तर घोळ ठरलेलाच. दोन महिने आधी झालेलं बाळ आज सहा महिन्यांचं असेल, तर वाढ आणि हालचाली चार महिन्यांच्या धरा. दोन वर्षांचं होईतो हाच हिशेब. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.

पेज

आपल्याकडची खास चूक. सहा महिने झाले की उकड्या तांदळाच्या पेजेची वरची निवळ पाजतात, "हलकी असते" म्हणून. हलकी असते हे खरंच, पण त्यात पाण्यापलीकडे फारसं काही नसतं. सात किलोच्या बाळाचं पोट जेमतेम २०० मिलिलिटरचं, ते पाण्यानंच भरलं तर वजन वाढणार कुठून? शितं कुस्करा, वर चमचाभर तूप किंवा खोबरेल घाला. चमचा तिरका केल्यावर घास ओघळून पडला तर पातळ आहे, चिकटून राहिला तर बरोबर. नाचण्याचं तिझानही (नाचणीची लापशी) असंच घट्ट. काटे नीट काढलेला मासाही चालतो, मीठ वर्षाच्या आत नको.

शब्द

"घरात कोंकणी, आजोबांचं मराठी, कार्टून हिंदीत, म्हणून बोलत नाही हो." हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. अनेक भाषांमुळे बोलणं उशिरा येत नाही. फक्त शब्द मोजताना सगळ्या भाषांतले एकत्र मोजा: कोंकणीतलं 'उदक', मराठीतलं 'पाणी', दोन्ही धरा. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, किंवा दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही, तर भाषेला दोष न देता आधी कानांची तपासणी करून घ्या. चालायलाही अठरा महिन्यांपर्यंत मुभा आहे. चाकांच्या वॉकरनं ते लवकर येत नाही. कॅनडानं तर २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. ओसरीच्या पायऱ्या असलेल्या आपल्या घरांत तो नकोच. जुना लाकडी पांगुळगाडा निराळा, त्यात मूल स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं.

औषध आणि पाणी

पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये बहुधा एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं, सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५, कधी २५०. आठ किलोच्या मुलाला १२० मिलिग्रॅम म्हणजे ड्रॉप्सचे १.२ मिलिलिटर. तेच ड्रॉप्स सिरप समजून पाच मिलिलिटर दिले, तर चौपटीहून जास्त. म्हणून बाटली वाचा, सोबतच्या मापानंच द्या, स्वयंपाकघरातला चमचा बाजूला ठेवा. तीन महिन्यांखालच्या तापाला घरचं औषधच नको, थेट डॉक्टर.

जुलाबात द्यायच्या ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं. ते पेलाभर पाण्यात ढवळलं तर मीठ जहाल होतं आणि बाळ अधिक बिघडतं.

सर्दी-खोकल्यात श्वास मोजायचा तर सदरा वर करा, बाळ शांत असू द्या, आणि पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणं नको, लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांखाली ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. आकडा याला भिडला किंवा ओलांडून गेला, तर त्याच दिवशी दाखवा. श्वासाबरोबर बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर बसची वाट बघू नका, १०८ लावा.