सिस्टरांच्या जुन्या मठाचा इतिहास कसा शोधावा

पहिली अडचण शब्दाचीच आहे. आपल्याकडे 'कॉन्व्हेंट' म्हणजे इंग्रजी शाळा. "इथं पूर्वी कॉन्व्हेंट होतं" असं जुन्याजाणत्यांनी सांगितलं, की लगेच विचारा: सिस्टर तिथं राहायच्या, की फक्त शिकवायला यायच्या? राहत असतील तरच तो मठ. शिवाय खानदेशात प्रोटेस्टंट मिशनचेही बंगले आहेत आणि बोलताना सगळ्यालाच 'मिशन' म्हणतात. ती गल्लत आधी मिटवा.

वास्तू उभी असेल तर नीट पाहा. प्रार्थनाघराच्या दारालगत, भिंतीत छातीइतक्या उंचीवर वाटीएवढा खोलगा असेल तर तो बहुधा पवित्र पाण्याचा. कधी रंगाच्या थरांनी तो बुजलेला असतो. बोटं फिरवली की कड लागते. जाळीची खिडकी नाही म्हणून मठ नव्हता असं मात्र धरू नका. जाळी बंदिस्त मठांत असते, जिथल्या सिस्टर बाहेर पडत नाहीत. शाळा-दवाखाने चालवणाऱ्या सिस्टरांना तिची गरज नसे.

मग कागद. शेतजमिनीचा सातबारा, शहरात मालमत्ता पत्रक काढा आणि त्यावरच्या फेरफार क्रमांकांवरून एकेक पायरी मागे जा. मालकाच्या रकान्यात मठाचं नाव शोधत बसू नका, तिथं बहुतेकदा ट्रस्ट किंवा सोसायटी असते. त्याच नावाने धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात शेड्यूल वनचा, म्हणजे ट्रस्टच्या नोंदणीचा उतारा मागा. मोडीतला फेरफार जाणकाराकडूनच वाचून घ्या.

शोध अडतो तो बहुधा जिल्ह्याच्या नावापाशी. १९०६ पूर्वी सगळा एकच खानदेश जिल्हा, मुख्य ठाणं धुळे. नंतर पूर्व आणि पश्चिम खानदेश. म्हणजे जळगावचा जुना कागद 'खानदेश' नावाखाली असू शकतो आणि नंदुरबारचा १९९८ पूर्वीचा धुळ्याच्या दप्तरात. चर्चचंही तसंच: नाशिक धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला भाग) १९८७ मध्ये पुण्यातून वेगळा झाला, तेव्हा त्याआधीच्या पत्रव्यवहारासाठी पुण्याला विचारा. मठाची रोजनिशी आणि दिवंगत सिस्टरांची यादी मात्र त्या सिस्टर ज्या धर्मसंघाच्या होत्या, त्याच्या प्रांतीय मुख्यालयात मागावी. संघाचं नाव कळल्याशिवाय तिथं जाऊन उपयोग नाही.

सिस्टरांची नावं जुळवताना घाई करू नका. व्रत घेताना नवं नाव मिळे, आणि १९६५ नंतर अनेकींनी बाप्तिस्म्याचं नाव पुन्हा घेतलं. एकच सिस्टर दोन नावांनी भेटते. एकाच नावाच्या दोघीही भेटतात. व्रताची आणि मृत्यूची तारीख सोबत लिहिली तरच त्या वेगळ्या ओळखू येतात. मृत्यूची तारीख थडग्यावर मिळते. अक्षरं झिजली असतील तर खडू किंवा पावडर घासू नका, दगड खराब होतो. सकाळी ऊन तिरपं असताना बाजूने फोटो काढा. खोदलेल्या रेषांत सावली पडते आणि तारीख वाचता येते.