पोटाची फाईल आणि मेंदूची फाईल : दोन्ही उपचार एकत्र कसे सांभाळावेत

ठाण्यात नौपाड्यातील एका मेडिकलमध्ये मी फार्मासिस्ट म्हणून काम करते. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या घरी बहुधा दोन फायली असतात, एक मेंदूच्या डॉक्टरांची आणि दुसरी पोटाच्या डॉक्टरांची. दोघेही आपापल्या जागी योग्य तेच लिहितात. पण त्या दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून सहसा कोणी वाचत नाही. पोटाच्या काही आजारांमुळे आणि त्यांच्यावरील काही औषधांमुळे पक्षाघाताची शक्यता वाढते, तर पक्षाघात टाळण्यासाठी दिलेल्या औषधांमुळे पोटात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून हे वाचन कोणीतरी करायलाच हवे. घरातील एका व्यक्तीने ते कसे करावे, हे येथे सांगत आहे. औषध बदलणे किंवा बंद करणे हे डॉक्टरांचे काम. योग्य वेळी योग्य प्रश्न विचारणे मात्र घरच्यांच्या हातात आहे.

सुरुवात एका कागदाने करावी. घरातील सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप टेबलावर मांडाव्यात आणि प्रत्येकीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव उतरवून घ्यावे, कारण पुढचे मोठ्या अक्षरांतले नाव कंपनीगणिक बदलते. चिठ्ठीवर नसलेल्या वस्तूही याच यादीत आल्या पाहिजेत: गुडघेदुखीसाठी अधूनमधून घेतलेली गोळी, जेवणानंतरचे फ्रूट सॉल्ट, पित्तावरचे चूर्ण. फ्रूट सॉल्टमध्ये खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम असते, आणि पित्तासाठी ज्येष्ठमध रोज भरपूर घेतल्यास रक्तदाब वाढून पोटॅशियम कमी होऊ शकते. वाढलेला रक्तदाब हेच पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण असल्याने या घरगुती गोष्टी डॉक्टरांना सांगितल्याच पाहिजेत.

यादी तयार झाली की तिच्यात सर्वप्रथम क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी आहे का ते पाहावे. काउंटरवर नेहमी होणारा संवाद असा असतो. "ताई, पित्ताची ती नेहमीची कॅप्सूल द्या." "आजोबा, रक्त पातळ करायची कोणती गोळी चालू आहे?" "ती मेंदूच्या डॉक्टरांची आहे, तिचा पोटाशी काय संबंध?" संबंध असा की क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते, यकृतातील सीवायपी२सी१९ नावाचे एन्झाइम तिला कार्यक्षम रूप देते. ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल ही पित्ताची औषधे त्याच एन्झाइमला अडवतात, त्यामुळे गोळी नियमित घेऊनही तिचा परिणाम कमी पडू शकतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००९ साली याबाबत इशारा दिला होता, आणि एक औषध सकाळी व दुसरे रात्री घेतल्याने हा अडथळा टळत नाही, हेही लक्षात ठेवावे. पँटोप्राझोलचा असा अडथळा बराच कमी असल्याने डॉक्टर बहुधा तेच निवडतात. आपल्याकडे अनेकांमध्ये हे एन्झाइम जन्मतःच मंद असते, त्यामुळे त्यावर आणखी भार नको. यादीत ही जोडी दिसली तर कोणतीही गोळी स्वतःहून न थांबवता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावी.

त्याच यादीत ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही दोन्ही असतील, तर ती एकत्र किती दिवस घ्यायची आहेत, हे विचारून कागदावर तारीख लिहून घ्यावी. सौम्य झटक्यानंतर किंवा काही वेळात आपोआप ओसरलेल्या झटक्यानंतर ही जोडी बहुधा २१ दिवस, काही वेळा ९० दिवसांपर्यंत देतात आणि पुढे एकच गोळी चालू ठेवतात. प्रत्यक्षात जुनीच चिठ्ठी दाखवून तीच जोडी वर्षानुवर्षे नेली जाते आणि पोटातील रक्तस्रावाचा धोका विनाकारण वाढत राहतो. हृदयात स्टेंट असेल तर हिशेब वेगळा असतो, म्हणून येथेही निर्णय डॉक्टरांचाच.

ॲस्पिरिनच्या गोळीवर आतड्यात विरघळणारे आवरण असले किंवा ती जेवणानंतर घेतली, तरी व्रण होण्याचा धोका पुरता जात नाही, कारण रक्तात मिसळल्यावरही ती जठराच्या अस्तराचे संरक्षण कमी करते. वय ६५ च्या पुढे असेल, पूर्वी अल्सर झाला असेल किंवा रक्त पातळ करणारी दोन औषधे चालू असतील, तर सोबत आम्ल कमी करणारी गोळी लागते. अशी गोळी दीर्घकाळ घेतल्याने पक्षाघात होतो, असे संदेश फिरतात आणि ते वाचून माणसे ती बंद करतात, याचे मला फार वाईट वाटते. केवळ निरीक्षणावर आधारित काही अभ्यासांत तसा संबंध दिसला होता. परंतु सुमारे १७,५०० लोकांना साधारण तीन वर्षे पँटोप्राझोल किंवा दिखाऊ (औषध नसलेली) गोळी देऊन केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कॉम्पास या मोठ्या चाचणीत पक्षाघात किंवा हृदयविकार वाढलेला आढळला नाही, फक्त आतड्यांचे संसर्ग किंचित वाढले. उलट, काही कारण नसताना ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्याने, विशेषतः तो शाकाहारी असून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असेल तर, बी१२ तपासून घ्यावे.

डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके मात्र दोन्ही बाजूंनी त्रासदायक ठरतात, कारण ती व्रणही वाढवतात आणि पक्षाघाताचा धोकाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरात व्रण करणाऱ्या जिवाणूवरील उपचारांत क्लॅरिथ्रोमायसिन असेल, तर ते ॲटोरव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढवून स्नायूंना इजा करू शकते. त्यातील मेट्रोनिडॅझोलमुळे वॉरफेरिन किंवा ॲसिनोकूमारॉल या रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. या उपचारांच्या दिवसांत आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले आहे ते सांगणारी तपासणी लवकर करावी लागेल का, हे पहिल्याच दिवशी विचारावे.

दुर्बिणीची तपासणी ठरली की सर्वाधिक सावधगिरी लागते. "रक्त पातळ करणाऱ्या सगळ्या गोळ्या आठवडाभर आधी बंद करा" असा सरसकट निरोप फोनवर मिळतो आणि घरचे तो निमूटपणे पाळतात. औषध बंद असलेल्या अशाच दिवसांत पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. म्हणून निरोप देणाऱ्याला तपासणी कोणत्या प्रकारची आहे, ते विचारावे. फक्त पाहणे किंवा लहान तुकडा काढणे असेल, तर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सहसा चालू ठेवता येतात आणि वॉरफेरिनही आयएनआर मर्यादेत असेल तर चालते. मोठा पॉलिप (आतील अस्तरावरची गाठ) काढायचा असेल, तर क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आणि वॉरफेरिन ५ दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन मात्र बहुधा तेव्हाही चालू राहते. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे किंवा कृत्रिम झडपेमुळे औषध चालू असेल, तर ते थांबवण्याआधी मेंदूच्या किंवा हृदयाच्या डॉक्टरांची लेखी संमती घ्यावी. बंद करण्याच्या तारखेशेजारीच पुन्हा सुरू करण्याची तारीख लिहून घ्यावी. घरोघरी विसरली जाते ती हीच दुसरी तारीख. झटका अलीकडेच येऊन गेला असेल आणि तपासणी तातडीची नसेल, तर ती पुढे ढकलता येईल का, हेही विचारावे. कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी जुलाबाच्या औषधाने शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते, म्हणून सांगितलेले पाणी आणि पातळ पेये पुरेशी घ्यावीत, आणि मधुमेहाच्या रुग्णाने सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी.

शौचास डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे होत असेल, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर लगेच रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळपट होतो, म्हणून ती गोळी यादीत आहे का, हे सोबत सांगावे. रक्तस्राव थांबल्यावर घाबरून ॲस्पिरिन कायमचे सोडून देणे धोक्याचे असते. हाँगकाँगमध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, व्रणातील रक्तस्रावावर उपचार झालेल्या १५६ रुग्णांपैकी काहींचे ॲस्पिरिन लगेच सुरू केले आणि काहींना दिखाऊ गोळी दिली. पहिल्या गटात पुन्हा रक्तस्राव थोडा अधिक झाला (१०.३ टक्के, दुसऱ्या गटात ५.४ टक्के), पण आठ आठवड्यांतील मृत्यूंचे प्रमाण १.३ टक्के होते, तर ॲस्पिरिन न मिळालेल्या गटात ते १२.९ टक्के होते. त्यामुळे डिस्चार्जच्या वेळी "गोळी पुन्हा कधी सुरू करायची?" हे विचारल्याशिवाय निघू नये.

पावसाळ्यात ठाण्यात, नवी मुंबईत जुलाब-उलट्यांची साथ नेहमीच असते. शरीर कोरडे पडले की रक्त घट्ट होते आणि मेंदूतील शिरांमध्येही गुठळी होऊ शकते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र छापलेले ओआरएस पाकिटावरील मापाने करून द्यावे आणि लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी त्या दिवसांत घ्यावी का, हे फोनवर विचारावे. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स आजार भडकलेला असताना गुठळ्यांचा धोका वाढतो. अशा रुग्णाला नवी, न थांबणारी डोकेदुखी, धूसर दिसणे किंवा फीट आली तर थांबू नये. कोलायटिसवरील टोफासिटिनिब हे औषध सुरू करण्यापूर्वी वय, धूम्रपान आणि पूर्वीचा झटका यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. फॅटी लिव्हरच्या रुग्णाने साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांवर लक्ष ठेवावे.

सगळ्यांत घातक गैरसमज "पित्त झालंय" हा आहे. लहान मेंदूत किंवा मेंदूच्या मागच्या भागात झटका आला की हातपाय लुळे न पडताही अचानक गरगरते, उलट्या होतात आणि डोके दुखते. घरचे लिंबूपाणी देऊन माणसाला झोपवतात. आधार दिल्यावरही सरळ उभे राहता येत नसेल, एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, बोलणे जड झाले असेल, चेहरा वाकडा किंवा एक हात खाली पडत असेल, तर तो पक्षाघात समजावा आणि १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. संध्याकाळची घोडबंदर रोडची कोंडी लक्षात घेता, आपल्या बाजूला चोवीस तास सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन कोणत्या रुग्णालयात मिळते, हे आजच चौकशी करून यादीच्या वर लिहून ठेवावे. वाटेत पाणी, पित्ताची गोळी किंवा ॲस्पिरिन यांतले काहीही तोंडाने देऊ नये. गिळणे बिघडलेले असू शकते आणि झटका रक्तस्रावाचा आहे की गुठळीचा, हे स्कॅनशिवाय कळत नाही. सुरुवातीचा सीटी स्कॅन अशा झटक्यात निर्दोष दिसू शकतो, त्यामुळे तोल सावरत नसेल तर एमआरआयबद्दल विचारावे.

रुग्ण नाकातील नळीसह घरी आला, तर पँटोप्राझोलची गोळी कुटून नळीतून देऊ नये. आवरण फुटल्यावर जठरातील आम्लाने औषध निकामी होते, आणि नळीही तुंबू शकते. डॉक्टरांकडून नळीतून देता येईल असे दुसरे रूप लिहून घ्यावे आणि ते यादीत जुन्या नावावर रेघ मारून नोंदवावे.