खोट्या फिर्यादीवर कोर्टाचा हुकूम निघाला? या चुका टाळा

‘कोर्टानेच गुन्हा नोंदवायला सांगितलं, म्हणजे संपलं’ असं धरून बसणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175(3) खाली (1 जुलै 2024 पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं 156(3)) मॅजिस्ट्रेट फक्त तपासाचा आदेश देतात. अर्जातले आरोप, पोलिसांचं म्हणणं आणि गरज वाटल्यास केलेली चौकशी यांवरून दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) दिसतो का, एवढंच तिथे पाहिलं जातं. तुमची बाजू कुणी ऐकलेलीच नसते.

म्हणून आधी अर्जाची, त्यासोबतच्या प्रतिज्ञापत्राची आणि आदेशाची नक्कल काढा. फिर्यादी आधी पोलीस ठाण्यात आणि मग पोलीस अधीक्षकांकडे गेला होता का, ते शोधा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या प्रियंका श्रीवास्तव निकालाने प्रतिज्ञापत्र आवश्यक ठरवलं, नव्या कायद्याने ते कलमातच घातलं. पायरी गाळलेली असेल तर तो मुद्दा सोडू नका.

दुसरी चूक पाहून मला खरोखर संताप येतो: स्वतःच ‘मिटवायला’ जाणं. अमळनेरकडच्या एका कापूस व्यापाऱ्यावर मारहाण करून पैसे हिसकावल्याचा आरोप होता. सांगितलेल्या वेळी तो धुळ्याला गाडी वजन करत होता, काटापावती त्याच्या खिशात होती. ‘आते काय व्हई भाऊ?’ म्हणत आला, तेव्हा त्याला सांगितलं: पावती जप, काट्यावरचं सीसीटीव्ही फुटेज राखून ठेवण्याचं पत्र आजच दे, त्याची पोच घे. त्याला धीर नव्हता. भाऊबंद घेऊन तो फिर्यादीच्या दारात गेला. आवाज चढले आणि साक्षीदाराला धमकावल्याची दुसरी तक्रार झाली. तोवर फुटेजवर नवं रेकॉर्डिंग चढलं. जामिनाच्या वेळी पहिल्या खोट्या आरोपापेक्षा ही खरी भांडणंच जास्त आडवी आली. माझी सवय ठरलेली आहे: पहिल्याच दिवशी तारखेवार टिपण, पावत्या, मोबाइल न पुसता बाजूला.

पोलिसांची कलम 35(3) ची, म्हणजे चौकशीला बोलावणारी, नोटीस आली तर टाळू नका; हजर राहा आणि कागद देऊन पोच घ्या. अटकेची भीती असेल तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन मागा. जुनी पुस्तकं चाळणाऱ्यांनी सांभाळा: कलम 482 आता अटकपूर्व जामिनाचं आहे, गुन्हा रद्द करण्याचा अर्ज 528 खाली जातो.

त्या अर्जासाठी जळगाव, धुळे, नंदुरबारकरांना छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जावं लागतं. तिथे घाईने धावणारे बहुतेक रिकाम्या हाताने परततात. गुन्हा कधी रद्द करायचा याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1990 च्या भजनलाल निकालातल्या कसोट्या कडक आहेत आणि ‘मी तिथे नव्हतोच’ याचा पुरावा उच्च न्यायालय सहसा तपासत नाही. वाद मुळात दिवाणी आहे किंवा आरोप जसेच्या तसे मानले तरी गुन्हा बनत नाही, हे कागदावरूनच दिसत असेल तर अवश्य जा. नाहीतर तपास अधिकाऱ्याला पुरावे देऊन ‘बी समरी’साठी (फिर्याद खोटी असल्याचा पोलिसांचा अंतिम अहवाल) झटा.

आणि बी समरी दाखल झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. फिर्यादीला हरकत घेता येते, मॅजिस्ट्रेट समरी फेटाळूही शकतात, म्हणून तारखांवर वकिलाचं लक्ष ठेवा. शपथेवर खोटं लिहिल्याबद्दल कलम 379 चा अर्ज त्याच कोर्टात करता येतो. खोट्या खटल्याबद्दलच्या नुकसानभरपाईच्या दाव्याला निर्दोष सुटल्यापासून किंवा खटला संपल्यापासून एकच वर्ष मिळतं.