जुन्या विमानांचा एअर शो बघायला जाताय? या चुका टाळा

युरोपात जुन्या विमानांच्या शोला पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण डोक्यात लढाऊ जेटचा शो घेऊन जातात: ठरलेल्या मिनिटाला विमान येणार, कानठळ्या बसवणार आणि निघून जाणार. जुन्या विमानाचं तसं नसतं. ते वारा बघून उडतं आणि इंजिनाची तब्येत बघून उडतं. त्याचा वेगही इतका कमी असतो की बघायची आणि फोटो काढायची रीतच बदलावी लागते. खालच्या बहुतेक चुका एवढी एक गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे होतात.

शो आणि तारीख निवडताना

इंग्लंडमधल्या फेअरफर्डचा रॉयल इंटरनॅशनल एअर टॅटू मोठा आणि नावाजलेला आहे, पण तो मुख्यतः आजच्या लष्करी विमानांचा. जुनी विमानं मनसोक्त बघायची तर बेडफर्डशरमधलं ओल्ड वॉर्डन, केंब्रिजजवळचं डक्सफर्ड, पॅरिसच्या दक्षिणेला असलेलं ला फेर्ते-आले किंवा जर्मनीत किर्खहाइमजवळचं हानवाइडे यांपैकी एक निवडा.

ला फेर्ते-आलेचा मेळावा पेंटेकॉस्टच्या सुट्टीत भरतो. हा ख्रिस्ती सण ईस्टरवर अवलंबून आणि ईस्टर चंद्रावर, त्यामुळे आपल्या गणेश चतुर्थीसारखी तारीख दरवर्षी सरकते. पेंटेकॉस्टचा रविवार २०२६ मध्ये २४ मे रोजी आहे, २०२७ मध्ये १६ मे रोजी. गेल्या वर्षीची तारीख धरून विमानाचं तिकीट काढलं की सगळंच फसतं. हानवाइडेचा मेळावा तर दरवर्षी भरतच नाही, आधी खात्री करा. भारतातून येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि शेंगेन वेगळा, तेव्हा एकाच सहलीत डक्सफर्ड आणि ला फेर्ते-आले करायचं तर दोन्ही लागतात.

ओल्ड वॉर्डनला रेल्वे स्टेशन नाही. बिगल्सवेडला उतरून टॅक्सी करावी लागते. जाताना ती मिळते, पण संध्याकाळचा शो सुटल्यावर गावाकडच्या रस्त्यावर टॅक्सी मिळणं कठीण, म्हणून परतीची सकाळीच ठरवून ठेवा. शोचं तिकीटही आधी काढा, गेटवर मिळेल असं धरून चालू नका.

शेवटच्या तासाआधी निघणं

पार्किंगमधली गर्दी टाळायला लोक तासभर आधी उठतात आणि ज्यासाठी आले होते तेच चुकवतात.

ओल्ड वॉर्डनच्या शटलवर्थ कलेक्शन या जुन्या विमानांच्या संग्रहात १९०९ चं ब्लेरिओ ११ आहे. फ्रेंच वैमानिक लुई ब्लेरिओनं त्याच वर्षी २५ जुलैला इंग्लिश खाडी ओलांडली, त्याच जातीचं हे विमान. त्याचं तीन सिलिंडरचं अँझानी इंजिन जेमतेम २५ अश्वशक्तीचं आहे. आपल्याकडच्या बुलेट ३५० ची ताकद २० अश्वशक्तीच्या आसपास असते, म्हणजे त्याहून थोडीच जास्त, आणि तेवढ्यावर माणसासकट अख्खं विमान उचलायचं. वळणं घेण्याइतकी ताकद उरत नसल्यामुळे ते धावपट्टीवरच सरळ रेषेत थोडंसं उचललं जातं आणि पुन्हा टेकतं. १९१० चं देपेर्द्युसाँ आणि १९१२ चं ब्लॅकबर्न यांचीही प्रकृती अशीच नाजूक. या विमानांना वारा जवळजवळ पडलेला लागतो आणि तो पडतो दिवस मावळताना. म्हणून त्यांची पाळी शेवटी असते.

दुपारभर झाडांची पानं हलत असतील तर निराश होऊ नका. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी बघत राहा. ती खांबाला लोंबायला लागली आणि हँगरच्या दारातून माणसं विमान हातानं ढकलत बाहेर काढू लागली, की बसल्या जागेवरून हलू नका.

कार्यक्रमपत्रिकेत नाव असलेलं विमान आलंच नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पत्रिका म्हणजे नुसता बेत असतो. शेपटीखाली चाक असलेल्या विमानाला आडवा वारा सोसत नाही, आणि ज्याचे सुटे भाग ऐंशी वर्षांपूर्वीच बनायचे थांबले त्याचा एखादा पाइप सकाळी गळू शकतो. ज्या एका विमानासाठी जाताय ते दोन दिवसांच्या शोमध्ये असेल तर शनिवारचं तिकीट काढा आणि रविवार हाताशी ठेवा.

थिजलेला प्रोपेलर

सर्वांत जास्त फोटो याच चुकीनं वाया जातात. जेटसाठी शटर १/१६०० वर ठेवायची सवय असते, आणि त्याच वेगानं स्पिटफायरचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचा, फोटो काढला की पाती जागच्या जागी थांबलेली दिसतात. विमान दोऱ्यानं टांगलेल्या खेळण्यासारखं वाटतं.

याचं गणित सोपं आहे. स्पिटफायरचं मर्लिन इंजिन मिनिटाला सुमारे २,००० फेरे घेत असेल तर मधल्या गिअरमुळे प्रोपेलर त्याच्या निम्म्याहून थोडा कमी फिरतो, सेकंदाला साधारण १६ फेरे. १/१६०० सेकंदात पातं जेमतेम साडेतीन अंश सरकतं. १/२५० ला ते २३ अंश सरकतं आणि १/१२५ ला ४६. चार पात्यांमध्ये ९० अंशांचं अंतर असतं, त्यामुळे १/१२५ ला अर्धी चकती भरलेली दिसते. पूर्ण चकती हवी असेल तर १/६० पर्यंत खाली उतरावं लागतं. टायगर मॉथ या दुपंखी प्रशिक्षण विमानाचा प्रोपेलर थेट इंजिनाच्या दांड्यावर असतो, गिअर नाही. तो सेकंदाला ३३ च्या आसपास फिरतो, म्हणून तिथे १/२५० लाही पाती चांगली फिरताना दिसतात. पहिल्या महायुद्धातली रोटरी इंजिनं सेकंदाला २० च्या आसपास, पुन्हा सावकाश, आणि पाती दोनच. त्यांना १/१२५ किंवा त्याहून खाली जा.

एकदम १/६० वर उडी मारू नका, सगळेच फोटो हलतील. सुरुवात १/३२० नं करा, पाच-सहा चांगले फोटो पदरात पाडून घ्या, मग १/२५०, १/१६०, १/१२५ असं उतरत जा. पाय खांद्याएवढ्या अंतरावर रोवा आणि बोटं त्या बाजूला वळवा जिथे विमान तुमच्या समोर येणार आहे. कोपरं बरगड्यांना चिकटलेली हवीत आणि वळायचं ते कमरेतून. दूर असल्यापासून विमान चौकटीत धरा, समोर येताच बटण दाबा आणि दाबल्यानंतरही फिरणं चालू ठेवा. बटण दाबताना हात थांबतो, तिथेच फोटो बिघडतो. लेन्समध्ये स्थिरीकरणाचे दोन प्रकार असतील तर पॅनिंगचा (विमानाबरोबर कॅमेरा फिरवण्याचा) निवडा. साधा ठेवला तर लेन्स तुमच्या हाताच्या हालचालीलाच विरोध करत बसते.

यातून एक नवीन अडचण उभी राहते, तिची कल्पना फार थोड्यांना असते. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/१२५ ठेवलं की कॅमेरा ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र, एफ/१४ च्या पुढे बंद करतो. मग सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण आकाशात काळ्या ठिपक्यासारखा उमटतो आणि चित्रही थोडं मऊ पडतं. उपाय दोन आहेत. एनडी ४ फिल्टर लावला की उजेड दोन स्टॉपनं, म्हणजे चौथाईवर, कमी होतो आणि ॲपर्चर एफ/७ च्या आसपास येतं. आणि निघण्याच्या आदल्या दिवशीच मोकळ्या आकाशाचा एक फोटो एफ/१६ वर काढून बघा, ठिपके दिसले तर सेन्सर साफ करून घ्या. ऑटो आयएसओ बंद ठेवा, नाहीतर तो गुपचूप ४०० वर जाऊन सगळा हिशोब उलटवतो.

डक्सफर्डला प्रेक्षक धावपट्टीच्या उत्तरेला असतात आणि तोंड दक्षिणेकडे, म्हणजे दिवसातला बराच वेळ ऊन डोळ्यांवर. विमानाचं पोट काळं येतं. एक्स्पोजर +०.७ ते +१.३ पर्यंत वाढवा. आकाश पांढरं झालं तरी चालेल, विमानावरचे रिव्हेट दिसले पाहिजेत. पण सूर्य ढगाआड गेला किंवा विमान वळून उजेडात आलं तर ते पुन्हा खाली आणायला विसरू नका. ओल्ड वॉर्डनला उडण्याची रेषा प्रेक्षकांभोवती वाकलेली आहे, त्यामुळे वळताना विमानाची पाठ दिसते. तिथे एका टोकाला चिकटून बसू नका, वाकणाजवळ जागा धरा.

बिघाड नसलेल्या गोष्टींना बिघाड समजणं

सॉपविथ पप किंवा ॲव्ह्रो ५०४ यांसारखं पहिल्या महायुद्धातलं विमान उतरायला लागलं की इंजिन मध्येच बंद पडतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा बंद. शेजारचे घाबरतात. पण हे विमान असंच उतरवतात. रोटरी इंजिनात दांडा स्थिर असतो आणि सिलिंडरसकट अख्खं इंजिन प्रोपेलरबरोबर गरगर फिरतं. त्याला आजच्यासारखा मोकळा थ्रॉटल नसतो, म्हणून वैमानिक दांडीवरचं बटण दाबून ठिणगी तोडतो आणि सोडतो. फिरत्या वजनामुळे इंजिन त्या काही क्षणांतही फिरत राहतं.

त्याच इंजिनाजवळ उभं राहिलात तर एक वास ओळखीचा वाटेल: एरंडेल. पेट्रोल दांड्याच्या पोकळीतून आत जात असल्यामुळे साधं खनिज तेल त्यात विरघळून वाहून जाईल, एरंडेल विरघळत नाही. ते वापरून झालं की परत टाकीत जात नाही, धुराबरोबर बाहेर फेकलं जातं. वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभे असाल तर लेन्सवर पातळ थर चढतो. यूव्ही फिल्टर आणि दोन-तीन स्वच्छ कापडं जवळ ठेवा, शर्टाच्या टोकानं पुसून तो थर पसरवू नका.

गोल बांधणीच्या रेडियल इंजिनाखाली तेलाचं भांडं ठेवलेलं दिसतं, तीही गळती समजू नका. थांबलेल्या इंजिनाच्या खालच्या सिलिंडरांत तेल झिरपतं. ते तसंच ठेवून स्टार्टर मारला तर पिस्टन दाबल्या न जाणाऱ्या तेलावर आदळतो आणि जोडदांडा वाकतो. म्हणून आधी मेकॅनिक प्रोपेलर हातानं फिरवून बघतात, आणि अडखळला तर जोर न लावता खालचे स्पार्क प्लग काढून तेल वाहू देतात. मर्लिन सुरू होताना धुराच्या नळकांड्यांतून ज्वाळा निघाली तर तेही बहुधा जास्तीचं पेट्रोल असतं. स्पिटफायर धावपट्टीकडे जाताना नागमोडी चालतं, कारण लांब नाकामुळे वैमानिकाला समोरचं दिसतच नाही. आणि वाट बघत उभं राहिलेलं स्पिटफायर कधीकधी न उडताच परत फिरतं. त्याचे रेडिएटर पंखांखाली आहेत, जमिनीवर त्यांना पुरेशी हवा मिळत नाही आणि पाण्याचं तापमान झपाट्यानं चढतं.

विमानांजवळून फिरताना

काही शोमध्ये उड्डाणांआधी विमानांच्या रांगेतून फिरू देतात. इथल्या चुका महागात पडतात.

प्रोपेलरला हात लावू नका आणि त्याच्या फिरण्याच्या रेषेत उभे राहू नका, इंजिन बंद असलं तरीही. या इंजिनांची ठिणगी मॅग्नेटोतून येते आणि त्याला बॅटरी लागत नाही. बंद करण्याची किल्ली फक्त एका तारेनं मॅग्नेटोला अर्थिंग देते. ती तार आत कुठं तुटली असेल तर किल्ली बंद असूनही मॅग्नेटो जिवंत असतो, आणि सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल उरलेलं असलं तर हातानं दिलेला एक हिसकासुद्धा इंजिन पेटवू शकतो.

जुन्या विमानांची कातडी बऱ्याचदा लाकडी सांगाड्यावर ताणलेलं कापड असते, वर डोप या घट्ट करणाऱ्या रोगणाचे थर देऊन घट्ट केलेली. तळहातानं ती पत्र्यासारखी लागते, पण बोटाच्या टोकानं फाटते. ती बहुधा पाठीवरच्या पिशवीमुळेच फाटते: माणूस फोटो काढून वळतो आणि मागची पिशवी पंखाच्या कडेला घासते. पिशवी पोटाशी घ्या, कॅमेऱ्याचा पट्टा आखूड करा, लहान मुलांचा हात धरा.

मुलांच्या कानांवर मफ चढवा, तेही इंजिन सुरू व्हायच्या आधी. ड्रोन घरी ठेवा. विमानांची संभाषणं ऐकायला रेडिओ नेणारे बरेच जण दिसतात, पण ब्रिटन आणि जर्मनीत आपल्यासाठी नसलेली संभाषणं ऐकणं कायद्याला धरून नाही. प्रेक्षकांची रेषा आखलेली असते ती कुंपणाबाहेरही पाळा. २२ ऑगस्ट २०१५ रोजी शोरहॅमला हॉकर हंटर कोसळलं तेव्हा जवळच्या हमरस्त्यावरचे ११ जण गेले, आणि त्यानंतर ब्रिटनचे नियम कडक झाले. फुकट बघायला मिळतं म्हणून उड्डाणाच्या रेषेखालच्या रस्त्याकडेला थांबू नका.

रंगावरून ओळखणं

जर्मन क्रॉस रंगवलेलं विमान म्हणजे मेसरश्मिट १०९, असं लिहून लोक फोटो टाकतात. आधी धुराची नळकांडी बघा. खऱ्या १०९ चं डाइमलर-बेंझ इंजिन उलटं बसवलेलं असतं, त्यामुळे नळकांडी नाकाच्या खालच्या अंगाला येतात. ती वरच्या अंगाला असतील तर ते स्पेनमध्ये बनलेलं बुचॉन आहे आणि नाकात ब्रिटिश मर्लिन आहे. तसंच, तीन इंजिनांचं युंकर्स ५२ दिसलं तर ते स्पेनच्या कासा कारखान्यातलं ३५२ तर नाही, हे तपासा.

स्पिटफायरमध्ये मर्लिन इंजिन आहे की ग्रिफॉन, हे उडताना कळत नसेल तर सुरू होताना बघा. ग्रिफॉनचा प्रोपेलर मर्लिनच्या उलट दिशेनं फिरतो. मार्क १४ या ग्रिफॉनवाल्या प्रकाराला पाती पाच असतात, तेवढ्यावरूनही ओळख पटते.

शेपटीजवळ रंगवलेल्या क्रमांकावर मात्र कधीच विसंबू नका. मालक आवडत्या वैमानिकाच्या विमानाचा क्रमांक लावू शकतात. खरी ओळख हवी असेल तर जी अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा आणि ब्रिटनच्या नागरी विमान नोंदवहीत बघा. डक्सफर्डचं एक मार्क १४ बरीच वर्षं एमव्ही २६८ या क्रमांकानं उडत आलं. त्याची नोंदणी जी-एसपीआयटी आहे आणि खरा क्रमांक एमव्ही २९३. ते विमान १९४५ मध्ये भारतात आलं होतं आणि १९७० च्या दशकात इथून भंगारावस्थेत परत गेलेल्या स्पिटफायर विमानांपैकी ते एक आहे.